सगुणाच्या बूथवरची अक्षरं

सगुणाच्या पायावरून वारं गेलं तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. पोलिओ हा शब्द घरात पुढे कितीतरी वर्षांनी आला. तोवर डावा पाय काठीसारखा वाळला होता आणि गुडघ्यापासून खाली लोखंडी पट्ट्यांचा बूट आला होता. पिरंगुटच्या शाळेत ती दहावीपर्यंत शिकली. पुढचं कॉलेज पौडला, म्हणजे एसटीची चढउतार आली. तिथे तिचं शिक्षण थांबलं.

वडील एकनाथ औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते. बोलायला कमी आणि मनात आलेलं तडीस नेणारे. अपंगांच्या कोट्यातून टेलिफोन बूथ मिळतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं आणि अठ्ठ्याण्णव साली पुण्याला खेटे घालून घालून तो मिळवला. रस्त्याकडेच्या आपल्या जागेत पत्र्याची खोली उभी केली, आत काचेची केबिन बसवली. दाराला ऊन लागू नये म्हणून पुढे लोखंडी सांगाड्यावर पिवळ्याधमक रेक्झिनचं छत टाकलं. त्याच्यावर काळ्या रेडियमची मोठी अक्षरं चिकटवली: एस. टी. डी., आय. एस. डी., पी. सी. ओ. आणि खाली झालरीवर लहान अक्षरांत "सगुणा टेलिफोन". अक्षरांखाली हवेचे फुगे राहू नयेत म्हणून एकनाथ स्टुलावर उभे राहून एकेक अक्षर फडक्याने दाबत होते. खाली उभी राहून सगुणा वर बघत होती. तिचं नाव शाळेच्या हजेरीपलीकडे प्रथमच कुठे लागत होतं.

मग काही वर्षं त्या बूथवर उभं राहायला जागा नसे. संध्याकाळी कारखाने सुटले की बीड, लातूर, बिहारकडची पोरं रांग लावत. घरचा आवाज ऐकताना कुणाचा गळा भरून आला, तर सगुणा पंख्याचं बटण वाढवायची आणि रेडिओ मोठा करायची. बाहेरच्यांना काही ऐकू जाऊ नये, एवढंच. कुणाची आई गेली, कुणाला मुलगा झाला, कुणाची सोयरीक मोडली, हे तिला त्यांच्या गावाच्या आधी कळे. ते तिने बाहेर कधी नेलं नाही. रस्ता न ओलांडता तिला सगळा मुलूख कळत होता, आणि मुलखाला ती.

डोंगरावरच्या वाड्यांमधल्या माणसांसाठी तर तिचा नंबर हाच त्यांचा नंबर होता. कुणी बाहेरगावी कामाला गेलं की सगुणाचा नंबर कागदावर लिहून खिशात घालून जायचं. निरोप आला की ती दुधाच्या गाडीबरोबर वर धाडायची. ताम्हिणीच्या अंगाला असलेल्या कातकरी वाडीतली बाळाबाई अशीच दर बाजाराच्या दिवशी यायची. तिचा एकुलता एक मुलगा देवू दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्यांवर कर्नाटकात जाई. बाजाराच्या दिवशी दुपारी तो फोन करणार हे ठरलेलं. बाळाबाईला अक्षरओळख नव्हती. पिवळं छत आणि त्यावरची काळी नक्षी एवढ्या खुणेवर ती गाडीतून उतरायची, टोपली भिंतीशी ठेवायची आणि फोनकडे बघत बसायची. रिसीव्हर ती दोन्ही हातांनी धरी, पातेलं उतरवावं तसा.

पुढे मोबाइल आले. आधी साहेबांकडे, मग मुकादमांकडे, मग रांग लावणाऱ्या पोरांच्याच शर्टाच्या खिशात. केबिनच्या काचेवर धूळ बसू लागली. एकनाथ तोवर राहिले नव्हते. दोन हजार आठच्या उन्हाळ्यापर्यंत सगुणाच्या बूथवर येणारी माणसं म्हणजे रस्ता विचारणारे, सुट्टे मागणारे आणि बाळाबाई.

नरहरी, तिचा थोरला भाऊ, कारखान्यातली नोकरी सोडून जमिनीच्या व्यवहारात पडला होता. पुण्याहून गाड्या भरभरून लोक जागा बघायला येत होते. त्यांना बसवायला त्याला रस्त्यावर ऑफिस हवं होतं. एका सकाळी चहा घेता घेता त्याने विषय काढला.

"सगुणे, ते बूथ आता बंदच हाय म्हण की. तितं मी बसतो. केबिन काढून टाकू, छत चांगलं हाय, राहू दे. नुसती अक्षरं काढायची."

"आन् फोन?"

"फोन कशाला पायजे? माझ्याकडं दोन मोबाइल हायेत."

"तुझ्याकडं हायेत. बाळाबाईकडं हायेत का?"

नरहरी हसला. "एका बाईसाठी दुकान मांडून बसणार व्हय तू?"

सगुणाला राग आला तो त्याच्या हसण्याचा. पण तो म्हणतोय त्यात खोटंही काही नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. सबंध दिवस ती काउंटरमागे बसून राहिली. रस्त्यावरून डंपर जात होते. संध्याकाळी तिने घरी येऊन सांगितलं, "जागा घे. पण फोन घरात आणायचा, ह्याच नंबरानं. आन् अक्षरं मी काढणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई. आन् बाजारापर्यंत थांब. बाळाबाईला सांगायला पायजे कुटं यायचं ते."

"बरं," नरहरी म्हणाला. फोन त्याने दोन दिवसांत घरी जोडून घेतला. ओळखी होत्या त्याच्या.

मे महिना होता. अक्षरं काढायला तिने दुपार निवडली, कारण उन्हाने रेक्झिन तापलं की डिंक सैल होतो. दयानंदने, शेजारच्या पंक्चरवाल्याने, शिडी धरतो म्हटलं. तिने नको म्हटलं आणि छतच सांगाड्यावरून सोडवून खाली घेतलं. गाठी सोडून द्यायला मात्र दयानंद लागला. मग ओट्यावर पिवळं रेक्झिन पसरून ती पाय लांब करून बसली. गरम पाण्यात बुडवलेलं फडकं अक्षरावर दाबायचं, जरा थांबायचं, कोपऱ्यातून नखाने उचलायचं आणि हळूहळू मागे ओढायचं. घाई केली की अक्षर तुटे आणि तुकडा तुकडा खरवडत बसावं लागे. दहा वर्षांच्या उन्हाने काही अक्षरं बिस्किटासारखी कडक झाली होती, ती नखाखाली घुसत. चिकट राहिलेला डिंक तिने रॉकेलच्या बोळ्याने पुसला.

मोठी अक्षरं निघाली. झालरीवरचं स्वतःचं नाव काढायला घेतलं तेव्हा तिच्या बोटांतून रक्त येत होतं. नाव लहान होतं, पटकन सुटेल असं वाटलं होतं. पण बाबांनी तेच सगळ्यात जास्त दाबून बसवलं होतं. "गु"चा उकार शेवटपर्यंत हलेना. तिने ब्लेड लावलं तर रेक्झिन कापलं गेलं. तिथे ती थांबली, आणि मग रडली. रस्त्यावर दुपारची वर्दळ होती. दयानंद आपल्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिला, इकडे त्याने मान वळवली नाही.

छत परत चढवलं आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की अक्षरं गेलेली नाहीत. आजूबाजूचं रेक्झिन उन्हाने विटून फिकट झालं होतं. अक्षरांखालचं मात्र जसंच्या तसं पिवळंजर्द राहिलं होतं. पी. सी. ओ. लांबून वाचता येत होतं. "सगुणा" सुद्धा.

"हे काय गं!" नरहरी वैतागला. "माझं गिऱ्हाइक येऊन एसटीडी मागंल!"

बाजारापर्यंत थांबायचं कबूल केलेलं असूनही त्याने दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून छत उलटं करून बसवलं. आतली पांढुरकी बाजू वर आली, पिवळी आत गेली. दाराला पडदा लागला. सगुणा तेव्हा घरात होती. तिला कळलं तेव्हा बाजाराचा दिवस अजून उजाडायचा होता, एवढंच त्यातल्या त्यात बरं होतं. तिने दयानंदला निरोप धाडला: बाळाबाई आली की तिला घरी पाठव. ती स्वतः ओट्यावर जाऊन बसली असती, पण दुपारची वेळ फोनची होती. फोन घरात होता, आणि तो वाजला तर उचलायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवशी दयानंदच्या मेहुण्याच्या घरी लग्न होतं. निरोप त्याला मिळाला, पण गडबडीत ते विसरून, दुकान बंद करून तो सकाळीच गेला. संध्याकाळपर्यंत बाळाबाई आली नाही. फोनही आला नाही. सगुणाने मनाची समजूत घातली की म्हातारीला गाडी मिळाली नसेल.

फोन आला तो दोन दिवसांनी, सकाळी. आवाज लांबून, खोल विहिरीतून यावा तसा.

"ताई, मी देवू बोलतुया."

"अरे देवू! कुटं हायेस? वाडीतले सगळे भट्टीवरनं आले, तू कसा न्हाई आला?"

"दवाखान्यात हाय ताई. बेळगावच्या पुढं. आईला बोलवा. मी शुक्रवारी करतो, सकाळी. हितं डबडं हाय, नाणं टाकायचं. ताई, आईला..." आणि लाइन तुटली.

सगुणाने रिसीव्हर खाली ठेवला आणि काठी घेऊन उठली. रस्त्यापर्यंत जायला तिला वेळ लागला. ऑफिसात नरहरी दोन माणसांना नकाशा दाखवत होता.

"दादा, बाजाराच्या दिवशी बाळाबाई आली होती का हितं?"

"कोण? ती टोपलीवाली? आली होती की. रस्त्यावर येरझाऱ्या घालत होती. मग दारात येऊन फोन फोन करायला लागली. म्हणलं, फोन बंद झाला बाई, जा आता."

"घर हाकेवर हाय. घरी जा म्हणायला काय जिभेला काटा टोचला व्हता?"

समोरची माणसं नकाशातून वर बघू लागली. नरहरी लाल झाला. "माणसं बसलेत, दिसत न्हाई?" तो दबक्या आवाजात म्हणाला. सगुणा बाहेर पडली.

दयानंद दुकानात होता. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "चूक माझी हाय, ताई. मी जातो वाडीवर, घेऊन येतो तिला."

"तुमी एकटे गेलात तर कुणी दारं उघडायचं न्हाई," सगुणा म्हणाली. "गाडीवर आलेला माणूस म्हणजे जागा बघायला आला असं समजत्यात ती. गेल्या महिन्यात दगडं मारली त्यांनी एजंटाला. आन् फोन बंद झाला हे तिला सांगितलंय. तुमच्या शब्दावर ती यायची न्हाई. मला न्या."

दयानंदच्या एम-एट्टीवर मागे बसून सगुणा पौडच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने, फाट्यापर्यंत गेली. एवढ्या लांब ती बाबांच्या मागे सायकलवर बसायच्या वयानंतर गेली नव्हती. फाट्यावर रस्ता संपला. पुढे कारवीच्या वाळक्या काटक्यांतून वर गेलेली पायवाट होती, मुरमाची, घसरणीची. दयानंद एका बाजूने हात देत होता. दुसऱ्या हातात काठी. लोखंडी पट्टी तापून पोटरीला चटके देत होती. चढावर डावा पाय आपणहून उचलत नाही, तो हाताने मांडीशी धरून पुढे ठेवावा लागतो. ती दहा-बारा पावलं टाकायची आणि बसायची. मध्ये एकदा ती घसरून गुडघ्यावर आली. दयानंद म्हणाला, "ताई, फिरू माघारी." ती त्याचा हात धरून उठली.

दोघं वाडीत पोहोचले तेव्हा कुत्री भुंकली आणि दोन-तीन बाया आपापल्या झोपड्यांत गेल्या. एकीने सगुणाचा पाय पाहिला आणि ती थांबली. "फोनवाली ताई," ती आतल्यांना म्हणाली. मग सगळ्याच बाहेर आल्या.

बाळाबाई झोपडीच्या सावलीला भिंतीला टेकून बसली होती. चूल गार होती. सगुणाला बघून तिने तोंड फिरवलं.

"कशाला आलीस? मला कळलंय."

"काय कळलंय?"

"त्यो साहेब म्हणला, फोन बंद झाला. छत बी न्हवतं. पिवळं छतच काढलं तुमी. म्हणजे देवू गेला. तुला तोंडावर सांगवेना म्हणून तू बसली न्हाईस तितं."

चढाचा दम अजून छातीत होता. सगुणा तिच्या शेजारी, मातीतच, पाय पसरून बसली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"देवू हाय. सकाळी बोलला माझ्यासंगं. दवाखान्यात हाय, पर बोलला. शुक्रवारी परत करनार हाय. फोन माझ्या घरी हाय, मावशे. मी सांगायला पायजे व्हतं, न्हाई सांगितलं."

बाळाबाईने तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. खरं-खोटं ती माणसाच्या डोळ्यांत बघून ठरवत असावी. "दवाखान्यात कशानं?" तिने विचारलं. ते सगुणाला माहीत नव्हतं. शेजारणीने आणलेलं पाणी बाळाबाई प्यायली, ते थेट तांब्यानेच, आणि मग ओक्साबोक्शी रडायला लागली. तीन दिवस तिने काही खाल्लं नव्हतं, असं शेजारीण म्हणाली. सुतकातलं माणूस बसतं तशी ती बसून होती.

शुक्रवारपर्यंत बाळाबाई सगुणाच्या घरात, फोनच्या खाली, सतरंजीवर राहिली. रिंग वाजली की दचकून उठायची. बहुतेक फोन चुकीचे असत.

शुक्रवारी सकाळी देवूचा फोन आला. आईने दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाला लावला, आणि "देवा, देवा" एवढंच म्हणत राहिली. मग सगुणाने तो घेतला. देवूने सांगितलं ते असं: भट्टी आतून पेटली असताना तो वर चढला होता, आणि वरचा थर खचला. दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले. मुकादमाने त्याला रात्री दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि गाडी निघून गेली. एका पायाची बोटं काढावी लागली. आता डॉक्टर जा म्हणतायत, खाट रिकामी पाहिजे. त्याला चालता येत नाही. तिथली भाषा येत नाही. जायचं कसं आणि कुणाबरोबर?

नरहरी त्याच खोलीत दाढी करत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. सगुणाने देवूकडून दवाखान्याचं आणि गावाचं नाव दोनदा वदवून घेतलं, रिसीव्हर ठेवला आणि भावाकडे वळली.

"दादा, गाडी काढ."

"बेळगावच्या पुढं? येडी झालीस का? माझी उद्या पार्टी यायची हाय सायटीवर."

"मग पार्टीला फोन कर. तुझ्याकडं दोन हायेत."

"दुनियेचं मी घेतलंय का डोक्यावर?"

"दुनियेचं न्हाई. ही बाई तुझ्या दारातनं मेलेल्या पोराची आई हून परत गेली. तीन दिवस. त्ये तुझं हाय." तिने काठी दाराकडे दाखवली. "मला गाडी चालवता येत असती तर तुझ्याम्होरं तोंड बी वेंगाडलं नसतं."

नरहरी साबणाच्या तोंडाने आरशात बघत उभा राहिला. बाळाबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने हात जोडले नाहीत. बहुधा तेच नरहरीला सहन झालं नाही. त्याने अर्धीच दाढी पुसली आणि किल्ली शोधायला आत गेला.

तो दुपारी निघाला. बाळाबाई मागच्या सीटवर, टोपली मांडीवर घेऊन. सगुणा फोनजवळ राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी परत आली. देवूला नरहरीने आणि दयानंदने उचलून ओट्यावर आणलं. अंगावर नुसती कातडी उरली होती, पायांना पट्ट्या. डोळे मात्र सगळीकडे फिरत होते, गाडीतून उतरलेल्या जनावरासारखे. सगुणाने त्याला पाणी दिलं. तो "ताई" म्हणाला आणि घटाघटा पाणी प्यायला.

नरहरीने प्रवासाचं काही सांगितलं नाही. बाळाबाईकडूनच कळलं की दवाखान्यात देवू खाटेवर नव्हता, जिन्याखाली चादर अंथरून पडला होता. नरहरीने तिथल्या माणसांशी मोठमोठ्याने भांडण केलं, आणि मग गाडीशी येऊन बोनेटला टेकून बराच वेळ नुसता उभा राहिला.

पावसाळाभर मायलेक सगुणाच्या पडवीत राहिले. मुकादमावर तक्रार करू म्हणून सगुणाने खूप सांगितलं. देवू मान हलवायचा. "परत भट्टीवर कोण घील मला?" तो म्हणायचा. ह्या पायांनी भट्टीवर कसा जाणार, हे त्याला विचारायचा धीर कुणाला झाला नाही. पट्टी बदलायला पौडला न्यायचं असलं की नरहरी न बोलता गाडी दारात लावी आणि हॉर्न वाजवी. बहिणीशी मात्र तो पूर्वीसारखा बोलेनासा झाला. ऑफिसात जमिनीचे व्यवहार चालूच राहिले, आणि त्यातले काही ताम्हिणीच्या अंगाचेही होते, हे सगुणाला ठाऊक होतं.

पाऊस सरल्यावर देवू टाचांवर भार देत, भिंत धरून चालायला लागला. एका सकाळी बाळाबाईने टोपली भरली. सगुणाने घराचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून देवूच्या खिशात घातला. दयानंद त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेला. वर चढायला देवूला किती वेळ लागेल ह्याचा हिशेब सगुणा मनात करत बसली, आणि तो लागेना तेव्हा उठून तिने पडवी झाडायला घेतली.